भिंतीला टेकलेलं चाक

आज दुपारपासून एक चाक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सुग्रीवच्या गॅरेजात ते भिंतीला टेकून उभं होतं आणि सुग्रीव जॅकवर चढवलेल्या गाडीखाली होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. माझी रिक्षा पुढे निघून गेल्यावर मला उमगलं, की ते चाक भिंतीपाशी असायला नको होतं.

माझी मुलगी प्रिया घनसावंगीला बँकेत नोकरी करते. जालन्याहून रोज आमच्या जुन्या सेडानने जाऊन-येऊन करते. मागच्या हिवाळ्यात गाडी खड्ड्यात गेली की पुढून ‘खट्’ असा आवाज यायला लागला. मी बोलले तर प्रियाचे बाबा हसले. “तुला फ्रिज बंद पडल्याचा आवाजसुद्धा घाबरवतो. रस्ताच तसा आहे.” प्रिया म्हणाली, “आई, तू पुढच्या सीटवर बसूच नकोस.” पण ती संध्याकाळी घरी येईपर्यंत तो खट् माझ्या छातीत वाजत राहायचा.

शेवटी एका रविवारी मी हट्टच धरला आणि दोघांनाही सुग्रीवकडे नेलं.

“काय होऊन राह्यलं, ताई?” त्यानं विचारलं ते मला. मी चाचरतच सांगितलं. वाटलं, आता हाही हसणार. पण तो म्हणाला, “आवाज आला की बोलायचं, ताई. बोलल्यानं गाडी बिघडत न्हाई.”

मग त्यानं प्रियाला गाडी समोरच्या खडबडीत गल्लीतून हळू चालवायला लावली आणि स्वतः उकिडवा बसून चाकांकडे बघत राहिला. सुग्रीव मूळचा जाफराबादकडचा. त्याचे वडील सांडूबा मेंढरं राखतात, आणि लहानपणी तोही कळपामागे हिंडला. “मेंढरू लंगडायच्या आधी त्याची चाल बदलती,” तो म्हणाला. “बाप वरडायचा, तोंडाकडं काय बघतो, पायाकडं बघ. गाडीचंबी तेच.”

बॉनेटवर जोर देऊन त्यानं गाडी दाबली आणि सोडली. एकदा वर येऊन थांबायला हवी होती, ती डुलतच राहिली. पुढचं डावं चाक काढल्यावर आतला, धक्के झेलणारा शॉकअप दिसला. तेल गळून त्यावर काळ्या धुळीचा थर बसला होता.

“उजवा कोरडा आहे ना?” प्रियाचे बाबा म्हणाले. “मग डावाच बदल.”

“न्हाई भाऊ. बदलले तर दोन्ही.”

“अरे, चांगला आहे तो!”

“एका पायात नवी चप्पल अन् एका पायात झिजलेली घालून बाजारात जाता का तुम्ही?”

प्रिया फिसकन हसली. बाबांनी नकळत स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.

त्या दिवशी सुग्रीवची एक रीत माझ्या लक्षात राहिली. काढलेलं चाक त्यानं बाजूला ठेवलं नाही. आडवं पाडून गाडीखाली सरकवलं आणि मगच हात आत घातला. त्याचा भाऊ कडूबा तेव्हा हाताशी होता, दोघांनी मिळून ते ढकललं. मी विचारलं तर सुग्रीव म्हणाला, “माझ्या उस्तादाचा जॅक घसरल्ता. उजवा हात गेला. तवापासून चाक खाली असल्याबिगर मी आत जात न्हाई. जॅक सुटला तरी गाडी चाकावर बसती, माणसावर न्हाई.”

दोन्ही शॉकअप बसले. परतीच्या वाटेवर प्रियानं मुद्दाम गाडी खड्ड्यातून नेली आणि माझ्याकडे पाहिलं. काहीच वाजलं नाही. त्या दिवसानंतर तिची वाट बघताना मी निवांत भाजी निवडत बसते. माझ्यासारख्या बाईला हे किती मोठं आहे, हे माझं मलाच माहीत. माझी भीती खुळी आहे असं न म्हणता तिच्याकडे उकिडवा बसून बघणारा हा पहिलाच माणूस.

पण आता कडूबा गावी परतला आहे, कारण सांडूबांना मेंढरं एकट्यानं झेपत नाहीत. सुग्रीवचा खांदा धरला आहे. परवा हवा भरताना तो सारखा खांदा चोळत होता. “एवढं काय न्हाई, ताई,” म्हणाला. एका हातानं ते चाक त्याला आत ढकलता येत नसणार. म्हणून ते भिंतीला टेकलं.

आज परतताना तो बाहेर चहा पीत उभा दिसला. जीव भांड्यात पडला. पण भोवती गिऱ्हाइकं होती. चारचौघांत त्याला त्याचीच रीत कशी आठवून द्यायची? मी हात हलवला आणि घरी आले.

प्रिया केव्हाच झोपली आहे. गाडी खाली उभी आहे. सकाळी प्रियाचे बाबा ऐकतील, कदाचित हसतील. हसू देत. सुग्रीवनं शटर वर करायच्या आधी मी त्याला फोन लावणार आहे. म्हणणार आहे, सुग्रीव, मला आवाज आला, म्हणून बोलते. चाक ढकलायला कुणी येईपर्यंत गाडीखाली जाऊ नकोस. कुणी नाही मिळालं तर मला सांग, मी रिक्षा करून येते.