मामाचा पहिला धडा

मुलुंड पूर्वेत असा एक माणूस दाखवा, ज्याच्या मनाचं निदान आमच्या मामाने त्याला न विचारता केलेलं नाही! असलाच, तर तो कालच राहायला आलेला असणार. मामा ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. शिकवायचा म्हणजे काय, पहिला धडा शिकवायचा. मानसशास्त्राची ओळख आणि त्यातल्या प्रमुख विचारधारा, या एका धड्यावर त्याचा इतका जीव की दिवाळी आली तरी वर्ग तिथेच. उरलेलं पुस्तक एक बिचाऱ्या मॅडम जादा तास घेऊन संपवायच्या. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, धडा काही संपला नाही. फक्त विद्यार्थ्यांच्या जागी वॉचमन, इस्त्रीवाला आणि अख्खी सोसायटी आली, आणि दर रविवारी घाटकोपरहून जाणारी मी.

वर्तनवादाचंच घ्या. मनात काय चाललंय ते सोडा, प्राणी वागतो कसा ते बघा, सवय लावली की काहीही लागते, असं त्या मंडळींचं म्हणणं. घंटा वाजवून खाणं देत गेलं की पुढे नुसत्या घंटेनेसुद्धा कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे त्यांनी दाखवून दिलं. मामा कुत्र्यांना घाबरतो, म्हणून त्याने मांजरं घेतली. रोज दुपारी गेटपाशी देवघरातली घंटा वाजवायची आणि मांदेलीची डोकी टाकायची. मग आला सोसायटीचा गणपती. आरतीला घंटा वाजली मात्र, गल्लीतली यच्चयावत मांजरं मंडपात येऊन पहिल्या रांगेत बसली. बायका किंचाळतायत, भटजी पाटावर चढलेत, आणि आमचा मामा टाळ्या पिटत ओरडतोय, "सिद्ध झालं! सिद्ध झालं!" पुढच्या वर्षीपासून त्याला आरतीत फक्त झांज मिळते.

समष्टिवाद त्याने जेवणात आणला. माणूस सुटे तुकडे बघत नाही, अख्खं बघतो, पूर्ण हे तुकड्यांच्या बेरजेपेक्षा मोठं असतं, हे तो आमटी भुरकत सांगायचा. मामी मालवणची. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मीठ घालायला विसरले आज. पूर्ण लागतेय ना?" आणि मनोविश्लेषण सगळं सोसायटीच्या सेक्रेटरींच्या वाट्याला आलं होतं. ते काका पावसाळाभर मामाकडे छत्री विसरायचे आणि दुसऱ्या दिवशी न्यायला यायचे. मामा म्हणायचा, "विसरणं-बिसरणं काही नसतं. इथे परत यावं, ही तुमच्या नेणिवेतली इच्छा आहे." काका वैतागायचे. "अहो कसली नेणीव? वय झालं माझं!" असं म्हणत सोलकढीची दुसरी वाटी पुढे करायचे.

असं सगळं झकास चाललेलं असताना बिल्डिंग पाडून नवी बांधायचं निघालं. पाडायलाच हवी होती, दुसऱ्या मजल्यावर पाळण्याशेजारी छताचा केवढा तरी पोपडा पडला होता. सगळे तयार झाले. फक्त मामी नाही म्हणाली, आणि घर मामीच्या नावावर. तिला दुखवून पुढे जायचं नाही असं ठरलं खरं, पण लोकांच्या जिवाला घोर होता. जिन्यात भेटलं की मान फिरवायला लागले. मामाची झोप उडाली.

त्याने अख्खा धडा मामीवर चालवला. वर्तनवादाप्रमाणे, ती बिल्डिंगला नावं ठेवेल तेव्हा लगेच गजरा. मामीने आठवडाभर भिंतींना शिव्या दिल्या, गजरे माळले, आणि नाहीच म्हणाली. मग मनोविश्लेषण. "तुझ्या लहानपणीच्या घराबद्दल बोल." ती दुपारभर मालवणातल्या फणसाबद्दल बोलली आणि नाहीच म्हणाली. शेवटी त्याने गरजांची उतरंड काढली. आधी अन्न, मग सुरक्षितता, मग आपली माणसं, मग मान. मामी म्हणाली, "अन्न ताटात निवतंय, आधी ते जेवा."

त्या रविवारी मी तिच्याजवळ लसूण सोलत बसले होते. सहज विचारलं, "मामी, का गं नको म्हणतेस?"

ती हात न थांबवता म्हणाली, "बिल्डिंग होईपर्यंत भाड्याने कुठेतरी जायचं ना? ह्यांना इथे सगळे ओळखतात. इस्त्रीवाला कपडे बाजूला ठेवून ऐकतो, वॉचमन मान डोलावतो. थंय ह्येंचा कोण आयकतलो? लोक वेडा म्हणतील गं. गप्प बसले तर खचतील ते."

मामा दारात चहाचा कप घेऊन उभा होता. सगळ्यांची मनं वाचणारा माणूस, पण बायकोला सरळ विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. कुठलीही विचारधारा न सांगता तो खाली बसला आणि लसूण सोलायला लागला. मी लसणाचा एक गड्डा त्याच्यापुढे सरकवला.

बातमी माझ्याकडूनच फुटली. संध्याकाळी सेक्रेटरीकाका येऊन मामीला म्हणाले, "वहिनी, कुठेही राहा, आम्ही येऊ. ऐकायला." मामीने सही केली.

आता मामा-मामी दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहतात. शेजारची दारं बंद असतात. नवा वॉचमन कानात बोंडं घालून मोबाइल बघतो. जुनी माणसं पांगली, काका तर कांजूरमार्गला गेले. मामा पूर्वीपेक्षा कमी बोलतो, हे खरं आहे. मी मुद्दाम म्हणते, "मामा, ते मांजरांचं परत सांग ना," आणि तो सांगतो.

परवा मी गेले तेव्हा काका आले होते. बाहेर फटफटीत ऊन, आभाळात ढगाचा पत्ता नाही. कढी झाली, पहिल्या धड्याची उजळणी झाली, आणि काका गेल्यावर बघते तर कोपऱ्यात त्यांची छत्री. मला वाटलं, आता मामा नेणिवेवर सुरू होणार. त्याने छत्री उचलली, हाताने पुसली आणि दारामागे टांगली.

"असू दे," तो मामीला म्हणाला. "न्यायला येतील ते."