सहा सायकलींचा मालक

आणीबाणीच्या आधीच्या वर्षी नाकाडोंगरीत माझ्याएवढा श्रीमंत माणूस नव्हता. खिशात फुटकी कवडी नसे, ती गोष्ट वेगळी. बोलण्यात मात्र सहा कोऱ्या सायकली उभ्या असत आणि त्यांच्या घंट्या पार तुमसरपर्यंत ऐकू जात.

खाणीतले मजूर बाजाराच्या दिवशी मैलोन् मैल पायी येत. तासाच्या भाड्यानं सायकल देणारं दुकान आसपास एकही नव्हतं. ते मी काढायचं ठरवलं. तुमसरच्या एका बँकेतल्या साहेबानं कागद चाळले आणि सांगितलं, "तीन हिस्से आम्ही देऊ, चौथा तुमचा. चारशे रुपये दिवाळीच्या आत आणा."

पानठेल्यावर मी सांगितलं, साहेबानं चहा पाजला. दुसऱ्या दिवशी चहासोबत चिवडा आला. आठवडा संपेपर्यंत साहेब मला बसस्टँडपर्यंत पोचवायला आलेला होता आणि माझी पिशवी त्याच्या हातात होती. चौथ्या हिश्श्याची गोष्ट तेवढी मी गिळली. ती फक्त मायला ठाऊक होती. मायनं मला न सांगता बपेऱ्याला आपल्या भावाकडे निरोप धाडला.

मामा दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचा, त्यातले सहा बैलांशी. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाच्याला दिलेलं ते दान. ते उसनं होत नाही, परत घरात येत नाही.

दसऱ्यानंतर एका दुपारी दोन गाड्या बदलून मामा आला. माय धान कापायला गेली होती. ओसरीत पानठेल्यावरचे माझे दोन दोस्त बसले होते. मामा माझ्या पाया पडला, चिन्नोर तांदळाची पिशवी ठेवली आणि खाटेवर टेकला. त्याचा हात सारखा कमरेशी, धोतराच्या गाठीकडे जात होता. मला वाटलं, पोट दुखत असेल.

"सायकलीचं कुठवर आलं, बाबू?"

"झालंच समजा, मामाजी! बँकवाला मांगं लागला हाय. म्हन्ते, घेऊन जा गा पैसे, तिजोरीत जागा नाही राहिली."

मामा हसला. "तरी आपले थोडे घालाव लागत असन ना?"

इतका सोपा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नाही. "हो मामाजी, चारशे कमी हायेत," एवढंच म्हणायचं होतं. पण ओसरीतले दोघे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"चार-पाचशे रुपड्या घेऊन तं लोक सकाळपासून दारात उभे राहून राहिले, मामाजी. मी म्हन्तो, घरी न्या बाप्पा, पोराबाळाले कपडे घ्या. एवढ्याशात माही घंटीसुद्धा नाही येत!"

ओसरी खदखदली. मामाही हसला, सगळ्यांपेक्षा जरा उशिरा. कमरेवरचा हात त्यानं काढला आणि गुडघ्यावर ठेवला.

"मंग बरं झालं," तो म्हणाला. "मायले सांगजो, भेटाले आलतो."

गाडीत चढताना त्यानं पुन्हा विचारलं, "काही कमी-जास्त असन तं सांग."

"तुमचा आशीर्वाद पुरे हाय जी," मी म्हणालो. गाडी गेली.

संध्याकाळी मायनं विचारलं, "काही देल्लं का मामानं?" मी तांदूळ दाखवला. तिनं पिशवीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला. "उद्या बपेऱ्याले जा अन् मांग," म्हणाली. जातो म्हणालो. एवढं भाषण ठोकल्यावर कोणत्या तोंडानं जाणार होतो? दिवाळी आली आणि गेली. बँकेनं कागद परत दिले. मी खाणीवर मालाच्या गाड्या मोजायच्या नोकरीला लागलो, आणि तिथं पायीच जात होतो.

लग्नाकार्यात मामा भेटला की हळूच विचारायचा. आधी मी सहा सायकली सांगितल्या. पुढं त्या बारा झाल्या. मायनंही भावाला खरं कळू दिलं नाही; मान तिचीच खाली गेली असती. आणि मामाला माझा शब्द पडताळून पाहावा असं कधी वाटलंच नाही.

ऐंशी सालानंतर मामा गेला. तेरवीच्या पंगतीत शेजारच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "तूच का गा तो सायकलीवाला भासा? आता किती झाल्या?"

"एकही नाही, बुवा. दुकान निघालंच नाही."

पंगत हसली. "मामा म्हनतच होता, भासा लय मस्कऱ्या हाय!" मी शपथ घेतली, तर आणखीच हसली. आयुष्यभर खोटं पचवलं लोकांनी, आणि एक खरं बोललो तर कोणाच्या घशाखाली उतरेना.

मामी तेवढी हसली नाही. जेवणं उरकल्यावर तिनं मला आत नेलं. "खरं सांग." मी सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली.

"गोऱ्हा इकून आलते तुह्याकडे. चारशे रुपये कमरेले बांधून. वापस आले तं म्हने, त्याले काय कमी हाय, एवढेसे दाखवून चार लोकांत त्याले कायले लाजवू?"

"मंग त्या पैशाचं?"

"भाच्याच्या नावानं काढले म्हनून घरात लावू देल्ले नाही. म्हातारा बैल लंगडत होता, तरी नाही. मंग मारोतीच्या देवळात फरशी बसवली. तुह्याच नावानं. काहून नाही बोललास रे बाबू तवा?"

मी देवळाकडे गेलो. उंबऱ्याजवळच्या फरशीवर माझं नाव कोरलेलं होतं आणि खाली, 'सायकल दुकानवाले, नाकाडोंगरी'. मामाचं नाव कुठंच नव्हतं. त्या दुकानाची पाटी म्हणून जन्मात तेवढीच लागली. मी तिच्यावर पाय पडू न देता बाजूनं आत गेलो. मागून येणारे मात्र तिच्यावरूनच जात होते.