नेरडीगोंड्याची आकसलेली भेदरं

निजामाचं राज्य होतं, आणि पिकांची पाहणी करणं ही माझी नोकरी. निर्मलहून मोटार सुटायला सव्वा तास उशीर झाला. तेवढ्यात मी तीनदा चढलो नि उतरलो. नेरडीगोंड्याची ही माझी दुसरी खेप. अठरा दिवसांपूर्वी तिथल्या गंगाराम पाटलांची पानं आकसलेली भेदरं (टोमॅटो) पाहून मी घाईत म्हणालो होतो, "बी खराब असेल." बी दिलं होतं त्यांच्या व्याह्यांनी. काल कळलं, त्या शब्दावरून पाटलांनी माहेरी आलेल्या लेकीला, सखूला, सासरी धाडणंच थांबवलंय.

घाटात इंजिन तापलं. शेजारच्या बाईनं सीताफळ दिलं; बिया थुंकत मी रस्त्यावर येरझारा घातल्या. सागाची झाडी चांगली असावी. मी पाहिली नाही.

पाटील बांधावरच भेटले. "या साहेब. रोगट बी देनाऱ्याच्या घरी पोरगी काऊन धाडू मी?"

मी भिंग काढलं. आकसलेल्या पानांखाली बारीक पांढऱ्या माश्या होत्या. झाड हलवताच भुरकन उडाल्या. पाटलांचा तेलंगी गडी म्हणाला, "तेल्ल दोमा (पांढरी माशी). तंबाखूवर भी हाय."

बांधापलीकडच्या तंबाखूची पानंही तशीच मुरडलेली होती.

"तंबाखूचं बी कुणाचं?"

"घरचं," पाटील म्हणाले.

"आणि भेदरांची काही रोपं उरलीत?"

सखू मला परसात घेऊन गेली. एका वाफ्यावर जुनं लुगडं ताणलेलं होतं. "कोंबड्या उकरतात म्हून पेरल्यापासून झाकलं, दादा. फकस्त पाणी घालाले काढलं. त्याच बीच्या दुसऱ्या वाफ्याले लुगडं पुरलं नाई, तीच रोपं वावरात लावली."

झाकलेली शेहेचाळीस रोपं मी दोनदा मोजली. आकसलेलं एकही नव्हतं. मग वावरात जाऊन तितकीच मोजली; आकसलेली एकोणचाळीस.

"बी एकच आहे, पाटील. रोग या माशीनं आणला. व्याह्यांचा दोष नाही, चूक माझी."

पाटलांनी एक पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, "मंग मागच्या खेपेले काऊन नाई मोजलं?"

त्यांनी गड्याला गाडी जुंपायला सांगितलं.

सखू गाडीत बसली, पदर सावरला, आणि माझ्याकडे न पाहता गेली.

निर्मलला परतताना मोटार वेळेवर होती, तरी मला बसवेना. रोगाचं खरं मूळ, तो विषाणू, माझ्या भिंगात दिसत नाही; माशी मात्र पहिल्या दिवशीही दिसली असती. पान उलटून पाहण्याचा, चार रोपं मोजण्याचा पाऊण तास मी वाचवला होता. सखूला त्याचे अठरा दिवस पडले.