एकशे ऐंशीचं तेल

बाजारात तिला सगळे भाववाली म्हणत. नोकरीच तशी होती. दर मंगळवारी ठरलेल्या बारा दुकानांत जायचं, तेल, साखर, साबण, खिळे यांचे भाव टिपायचे आणि कागद कचेरीत द्यायचा. अशा कागदांच्या ढिगातून वरचे लोक महागाई किती वाढली ते काढत. त्यामुळे बसथांब्यावरही माणसं तिला गाठून विचारत, "बाई, कधी उतरवताय?" जणू महागाई तिनेच माळ्यावर चढवून ठेवली होती.

घरातही भावाच्या बाबतीत तिचाच शब्द शेवटचा. सासरे पेपरातून डोकं वर काढून देशाचं कर्ज माणशी किती झालं ते सांगत, आणि सासूबाई घरखर्चाला पैसे काढताना थोरली सून म्हणून तिलाच विचारत, या महिन्याला किती धरू.

मग धाकटी जाऊ आली. शिवणकाम करायची, बोलायची बेताचं. पहिल्याच महिन्यात तिने तेल आणलं आणि भाव सांगितला एकशे साठ. थोरलीच्या कागदावर होते एकशे ऐंशी. साखरेचं तेच, साबणाचं तेच. हिच्या हाताला स्वस्ताई आहे, असं सासूबाई जेवताना म्हणू लागल्या आणि थोरलीच्या घशाखाली घास उतरेना. कचेरीचा शिक्का असलेली बाई शिवणयंत्रापुढे खोटी पडली होती.

शेवटी तिनेही शक्कल लढवली. तेल आणलं एकशे ऐंशीचंच, सांगितलं एकशे पंचावन्न, फरक आपल्या पगारातून. पुढच्या खेपेला धाकटी दीडशेवर आली. सगळीकडे महागाईची बोंब आणि या एका घरात भाव धडाधड खाली. सासूबाईंनी खूश होऊन घरखर्चच पाव हिश्श्याने कापला. या दोघींच्या हाती तिजोरी द्या, देशाचं कर्ज फिटेल, असं सासरे म्हणाले.

एका मंगळवारी थोरली वाण्याकडे पोत्यांआड उभी राहून भाव टिपत होती. तेवढ्यात धाकटी आली. तेल घेतलं. घरच्या पाकिटातून दीडशे दिले आणि रुमालाची गाठ सोडून वर तीस. चोर सापडला म्हणून थोरलीला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या मनात आधी आलं, हिला शिलाईचे एवढे मिळतात?

ती पुढे झाली. धाकटीने मान खाली घातली, आणि मग एकदम म्हणाली, "ताई, तुम्ही तरी कुठून आणता एकशे पंचावन्नला?"

दोघी हसल्या. रुमाल रिकामा होत आला होता आणि पगारही. आज जेवताना दोघींनी खरं सांगायचं, म्हणजे सासूबाई पैसे वाढवतील, असं ठरलं.

पानं वाढली. धाकटीने शब्द पाळला. "आई, तेल एकशे ऐंशी झालं."

थोरलीने नुसती मान हलवायची होती. पण सासूबाई सुस्कारा टाकून म्हणाल्या, "हिला स्वस्त मिळालं नाही, म्हणजे बाजारात कुणालाच मिळायचं नाही."

त्या वाक्याने घात केला.

"मला एकशे पंच्याहत्तरला मिळालं," थोरली म्हणाली.

धाकटीचा हात पानातच थांबला. सासूबाईंनी घरखर्च होता तेवढाच ठेवला. वरचे पाच कुठून भरायचे ते मनात जुळवत थोरलीने घास घेतला. बऱ्याच दिवसांनी तो सरळ खाली उतरला.