फळ्यावरची वाटणी

माझ्या जिभेची आमच्या घरात सगळ्यांना धास्ती. सगळी उमर पोरींना गणित शिकवण्यात गेली, त्यामुळं कुणाचं काही चुकलेलं दिसलं की तोंड आपोआप उघडतं. भाजीवाल्याचा हिशेब म्हणू नका, देवळाच्या बोर्डावरचं शुद्धलेखन म्हणू नका, काही सुटत नाही. याच जिभेनं मागच्या फेब्रुवारीत मला अशी तोंडघशी पाडली की आठवलं तरी अजून कानशिलं तापतात.

बेळगावच्या वडगावात आमच्या घरापासून जवळच मुलींची एक उर्दू शाळा आहे. तिथल्या हेडबाई आणि मी, दहावीचे पेपर तपासायला आम्ही कैक वर्षं शेजारी शेजारी बसलेल्या. रिटायर झाल्यावरही येता-जाता बोलणं होतंच. विज्ञान दिनाला आमच्या मुलींपुढं चार शब्द बोला, म्हणून त्यांनी गळ घातली. मराठी, हिंदी, कन्नड, काहीही चालतंय म्हणाल्या. विषय मीच निवडला, बगदादचं जुनं बीजगणित. खरं सांगते, त्यात फुशारकी होती. त्यांचंच त्यांना सांगायचं आणि वर बाईंना किती माहिती आहे म्हणून कौतुक करून घ्यायचं, असा माझा बेत.

जाताना नवी साडी नेसले. शहापूरच्या मागावरची, मोरपिशी. पंधरा दिवसांपूर्वीच अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं दिलेली. ती कशाबद्दल दिली ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

बेळगावच्या बाहेर मच्छे गावाजवळ आमच्या आप्पांची, म्हणजे वडिलांची, जमीन आहे. आप्पा गेले, आई गेली, मागं आम्ही तिघं. अण्णा, मी, आणि धाकटी बहीण, जिला संकेश्वरला दिलीय. मच्छ्याला कारखाने वाढत चालले तशी त्या जमिनीला किंमत आली. एका कारखानदाराला तिथं शेड घालायचं होतं. तो म्हणाला, आधी बहिणींच्या सह्या आणा. आमच्याकडं याला हक्कसोड म्हणतात. बहिणीनं कचेरीत जाऊन आपला हिस्सा राजीखुशीनं भावाला सोडला असं लिहून द्यायचं, मग भावाच्या घरी पुरणाचं जेवण, साडीचोळी, आणि माहेरची वाट मोकळी. हिस्सा मागायची पद्धत नाही. मागितला की बहीण वाईट. मी सही करून मोकळी झाले. मला पेन्शन आहे, मला काय कमी, असं स्वतःलाच सांगितलं. वहिनीनं पुरणही झकास केलं होतं.

धाकटीचं मात्र अडलं होतं. तिचा नवरा साखर कारखान्यात होता, कंबर धरली आणि नोकरी सुटली. राहतात ते घर दिराचं, आणि आता दीर म्हणतोय जागा बघा. ती अण्णाला फोनवर म्हणाली, मला पैसा नको, कडेचा एक तुकडा दे, दोन खोल्या घालून राहतो. आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात. अण्णा म्हणाला, तुकडा तोडला तर गिऱ्हाईक पळंल. मग तो माझ्याकडं आला. ती तुझं ऐकते, तू समजाव. मी हो म्हणाले. तिच्यासाठी घेतलेली जांभळी साडी आणि हक्कसोडीचा लिहून ठेवलेला कागद माझ्याच कपाटात ठेवून, पुढच्या आठवड्यात संकेश्वरला जायचं ठरवून, मी त्या शाळेत भाषणाला गेले.

भाषण रंगलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये ग्रीक, फारसी, हिंदुस्थानी, मिळतील ती पुस्तकं आणून अरबीत कशी उतरवत, ते सांगितलं. आपले अंक तिथं गेले आणि त्यांनी ते हिंदी हिशेब म्हणून नावानिशी पुढं दिले, हे सांगताना आवाज जरा चढवला. मग त्या गणित्याकडं आले, ज्याच्या पुस्तकामुळं अल्जेब्रा हा शब्द जगात गेला. त्याच्याजवळ एक्स नव्हता, अधिक-उण्याची चिन्हं नव्हती. जे माहीत नाही त्याला तो नुसतं ‘वस्तू’ म्हणायचा आणि सगळं गणित वाक्यांत मांडायचा. आणि हा खटाटोप कशापायी? त्याच्या पुस्तकाचा जवळजवळ अर्धा भाग मृत्युपत्रांचा आणि वारसांच्या वाटण्यांचा आहे. माणूस गेला, मागं एवढी माणसं, कुणाला किती? तुम्हाला छळणारं हे बीजगणित, पोरींनो, घरातल्या वाटण्या चोख व्हाव्यात म्हणूनही वाढलंय, असं मी म्हणाले. पोरी हसल्या.

उदाहरण द्यायला मी खडू घेतला. एक मुलगा, दोन मुली. त्यांच्या कायद्यानं मुलाला दोन भाग, मुलीला एक. म्हणजे एकूण चार भाग, दोन भावाचे, आणि दोघी बहिणींचा एकेक. एक मुलगा, दोन मुली हे माझ्या हातून सहज लिहिलं गेलं. ते आमचंच घर होतं, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

खिडकीजवळची एक चष्मेवाली मुलगी उभी राहिली.

“टीचर, लड़की को आधा क्यों?”

त्या काळी आधा तरी लिहून ठेवला, बाकी जगात कित्येक ठिकाणी तेवढाही नव्हता, असं मी म्हणाले. एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण नाही. आमच्यात आता कायद्यानं मुलीला मुलाइतकाच, एकदम बराबर, असं ठसक्यात सांगून मी फळ्यावरचे चार भाग पुसले आणि तीन सारखे भाग काढले. पाठ थोपटून घ्यायची हौस, दुसरं काय.

ती मुलगी बसली नव्हती. तिनं तितक्याच साधेपणानं विचारलं, “तो आपको मिला?”

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. अंगावर अण्णाची साडी होती.

“मिला,” मी म्हणाले. “बराबर मिला.”

टाळ्या पडल्या. हेडबाईंनी शाल घातली. कुणीतरी शेवटच्या भागाचं मोबाइलवर शूटिंग केलं होतं, ते मला पाठवलं, आणि मी शहाणीनं ते स्टेटसला ठेवलं. त्यात काय बोललेय ते नीट ऐकलंही नाही. मला टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या.

पुढचा आठवडा लागताच, दोन दिवसांनी, संकेश्वरला गेले. पिशवीत जांभळी साडी, तिच्या घडीत कागद. धाकटीनं दार उघडलं, पाणी दिलं, भाकरी-आमटी वाढली. एरवी ती मला बघितलं की बोलायची थांबत नाही. त्या दिवशी नुसती खाली बघून वाढत होती. तिचा नवरा पलंगावरून म्हणाला की दोन दिवस नीट जेवली न्हाय, का ते सांगत न्हाय. तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि ताट माझ्यापुढं सरकवलं.

“आक्का, तुला किती गुंठं मिळालं?”

मला कळेचना. मग तिनं फोन काढला आणि माझंच स्टेटस मला दाखवलं. चोवीस तासांत ते जातं, पण तिनं दुसऱ्या फोनवरून त्याचं शूटिंग करून ठेवलं होतं. मोरपिशी साडीतली मी, मागं फळा, फळ्यावर तीन सारखे भाग, आणि तोंडभरून “बराबर मिला”. अण्णानं मला गुपचूप वाटा दिला, मला देऊन माझ्याच हातून तिचं तोंड बंद करायचं ठरवलं, असं तिनं धरलं होतं. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता तो जमिनीसाठी नव्हता, माझ्यासाठी होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी भराभरा सांगून टाकलं. मला काही मिळालं न्हाय गं, एक गुंठासुद्धा न्हाय, मी कधीच सही करून आलेय, ही साडी तेवढी मिळाली. त्या पोरीनं सगळ्यांसमोर विचारलं, मला न्हाय म्हणवलं नाही. खोटं बोलले.

आता तरी ती हसेल, आक्का तू म्हंजे, असं काहीतरी म्हणेल, असं मला वाटलं. तिनं फोन पालथा ठेवला.

“ज्याची तुला त्या पोरींम्होरं लाज वाटली,” ती सावकाश म्हणाली, “तेच मला कराय सांगाय आलीस व्हय गं?”

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईची चूक धाकटीनं एका वाक्यात काढली. मी पिशवी उघडलीच नाही. तिनं मला आग्रह करून अजून अर्धी भाकरी वाढली आणि मी ती कशीबशी गिळली. निघताना तिनं नेहमीसारखं कुंकू लावलं. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बेळगावपर्यंत रडत आले, आणि शेजारच्या बाईला डोळ्यांत काहीतरी गेलंय म्हणून सांगितलं. म्हणजे पुन्हा खोटंच.

कागद आणि साडी दोन्ही मी अण्णाच्या पुढ्यात ठेवली. ती सही करणार नाही, आणि मी तिला परत सांगणार नाही, असं म्हणाले. तो म्हणाला, मग तू कशी केलीस? मी चपला घातल्या आणि घरी आले. तेव्हापासून त्यानं आम्हा दोघींशी बोलणं टाकलंय. जमीन तशीच पडून आहे, धाकटी अजून दिराच्याच घरात आहे, पण तिचा तिसरा भाग तिच्याच नावावर आहे. माझा मी देऊन बसलेय.

संकेश्वरहून आले त्याच आठवड्यात मी परत त्या शाळेत गेले. साधी सुती साडी नेसून. हेडबाईंना म्हणाले, मला त्या वर्गात पाच मिनिटं द्या. कारण ऐकल्यावर त्या म्हणाल्या, जाने दो ना, पोरी विसरूनही गेल्या असतील. मी ऐकलं नाही. फळ्यापुढं उभी राहिले आणि सांगितलं की मला वाटा मिळाला नाही, मी सही करून सोडला, आणि त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले.

मग ती चष्मेवाली उभी राहिली. मला वाटलं, आता ही मला चांगलीच फाडते.

“मेरी अम्मी बी सही कर दी, टीचर,” ती म्हणाली. “आधे पे बी. इसीलिए पूछी मैं.”

तिच्या अम्मीनं तो आधा वाटासुद्धा सही करून सोडला होता. पोरीनं मला कोंडीत पकडायला विचारलंच नव्हतं. कुणाला तरी खरंच मिळतं का, एवढंच तिला बघायचं होतं. आणि मी तिला मिळतं म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन ती आपल्या अम्मीला काय म्हणाली असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.