कार्ड भरल्यानंतरचे नऊ फोटो

ज्यांना अंगावर काटा हवा आहे त्यांनी हा अनुभव सोडून पुढचा वाचावा. यात अमावास्या नाही, पिंपळ नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही. भर दुपारचा प्रकार आहे आणि तोही एका मेमरी कार्डाचा. मी असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही... तरी लिहिते आहे, कारण लोक माझ्या तोंडावर मला सांगतात की असं झालंच नाही. झालं. मी तिथे होते.

इंदूरला मल्हारगंजात आमचा फोटो स्टुडिओ आहे. कॅमेरा मी चालवते, कॉम्प्युटर आणि अल्बम आमचे हे बघतात. गिऱ्हाईक ठरलेला प्रश्न विचारतं – "कार्डात किती फोटो मावतात?" माझंही उत्तर ठरलेलं. आकडा पक्का नसतो. कोऱ्या भिंतीचा फोटो कमी जागा घेतो, झाडाच्या पानांचा किंवा जरीच्या साड्यांच्या घोळक्याचा जास्त. माझ्या कॅमेऱ्यात आठ जीबीच्या कार्डावर साधारण सातशे, थोडे इकडेतिकडे. शून्य आलं की संपलं. मग कितीही बटण दाबा, कॅमेरा हूं की चूं करत नाही.

गेल्या हिवाळ्यात सुमनताईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचं काम आलं. सुमनताई म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या, अर्चनाच्या सासूबाई, एक्क्याऐंशीव्या वर्षात. कृष्णपुऱ्याच्या बाजूला एक हॉल घेतला होता – वर कार्यक्रम, खाली पंगती. सकाळपासून होम, एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळणं, तुला, नातवंडांची भाषणं... मी काढत सुटले. साडेबाराला कॅमेऱ्यात शून्य. बॅगेत हात घातला तर दुसरं कार्ड नाही. ते दुकानातल्या कॉम्प्युटरलाच लावलेलं राहिलं होतं. चूक माझीच. आणि काढलेले फोटो जागच्या जागी डिलीट करायचे नाहीत हा माझा नियम आहे, कारण एकदा घाईत एका नवरीचा गृहप्रवेश उडवून बसले होते.

पण मी घाबरले नाही. महत्त्वाचं सगळं झालं होतं. मंडळी जेवायला खाली गेली होती आणि वर सुमनताईंना भेटायला उशिरा आलेले थोडे पाहुणे उरले होते. अशा वेळी आमच्या धंद्यात काय करतात ते आज उघड सांगते. नुसता फ्लॅश मारतात. फ्लॅशच्या पाठीवर एक छोटं बटण असतं, ते दाबलं की उजेड पडतो, फोटो निघत नाही. पाहुणा खूश होऊन जेवायला जातो. पुढे तो फोटो मागायला कोणी येत नाही. रिळाच्या काळापासून चालत आलंय हे, माझ्या सासऱ्यांनीच मला शिकवलं.

तर मी कॅमेरा बंद केला. बंद कॅमेरा डोळ्याला लावायचा, "जरा जवळ या, हसा," म्हणायचं आणि वरून फ्लॅश. असं आठ-दहा वेळा केलं असेल, मोजलं नाही. शेवटी काळी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ आले, मुलाचा हात धरून. सुमनताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि एकदम त्यांचा कान धरला. मी फ्लॅश मारला. ते पाच मिनिटं बसले आणि गेले. मी खाली जाऊन जेवले.

संध्याकाळी आमच्या ह्यांनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. सातशे चौदा फोटो. मी कार्डाच्या डबीवर चिठ्ठी चिकटवून पेनाने लिहिलं – "सुमनताई, ७१४". अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत कार्ड पुसायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत.

नऊ-दहा दिवसांनी अर्चनाचा फोन आला. मैत्रीण असली तरी ती मला वहिनीच म्हणते.

"वहिनी, अल्बम होईल तेव्हा होऊ दे. मला एक फोटो आत्ता पाहिजे. आईंचा आणि दत्तूमामांचा."

"कोण दत्तूमामा?"

"अहो, टोपीवाले! आईंचा सख्खा भाऊ. कान नाही का धरला त्यांचा?"

मग तिने सगळं सांगितलं. त्या दोघांच्या आईच्या तेराव्याच्या वेळी बोलावण्यावरून बहीणभावात बिनसलं ते कित्येक वर्षं बोलणंच बंद. त्या दिवशी मुलाने कसंबसं समजावून मामांना देवासहून आणलं होतं. भेट झाली, दोघं रडली... आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा सगळं विसरले. त्यांची आठवण हल्ली जातेच आहे. जुनं भांडण मात्र पक्कं लक्षात.

"रोज सकाळी तेच," अर्चना म्हणाली. "ताईच्या कार्यक्रमाला मला कोणी नेलं नाही म्हणून मुलावर चिडतात, ताट ढकलतात. तुम्ही गेला होतात म्हटलं तर म्हणतात, झूठ बोलता सगळे, फोटो दाखवा! तेव्हा वर आमच्यापैकी कोणी मोबाइल काढलाच नाही हो. म्हटलं वहिनी आहेत ना."

मी आडपडदा ठेवला नाही. "अर्चना, तो फोटो नाहीये. कार्ड भरलं होतं. मी नुसता फ्लॅश मारला."

"मजाक नका करू."

"मजाक नाही. पाहुण्यांच्या समाधानासाठी मारतात तसा मारला."

ती म्हणाली, "शरम नाही वाटली तुम्हाला?"

"आत्ता वाटते आहे."

तिने फोन ठेवला.

आमचे हे समोरच बसले होते. म्हणाले, "कार्ड एकदा परत लावून तर बघ."

"कशाला? मी काढलाच नाही."

"बघायला काय जातं तुझं? हट्टी बाई."

त्यांचं तोंड बंद करायला म्हणून कार्ड लावलं. सातशे तेवीस.

मी डबीवरची चिठ्ठी बघितली. ७१४, माझ्याच अक्षरात. आदल्या वेळी कॉम्प्युटरवर उतरवलेले मोजले – सातशे चौदा. कार्डावर सातशे तेवीस. शेवटचे नऊ फोटो एकापाठोपाठ, साडेबारानंतरच्या वेळेचे, मी उभी होते त्याच जागेवरून काढलेले. नववा दत्तूमामांचा. कान सुमनताईंच्या चिमटीत, टोपी कलंडलेली, तोंड उघडं आणि डोळे गच्च मिटलेले, शाळेतल्या पोरासारखे. ताईंचे गाल ओले.

नऊही फोटो कॉम्प्युटरवर घेतले. सातशे तेवीस फाइलींचं मिळून वजन कार्डात मावेल त्यापेक्षा जास्त भरलं. आमच्या ह्यांनी तीनदा बघितलं आणि चहा करायला उठून गेले. एरवी ते चहा करत नाहीत.

मी फोटो अर्चनाला पाठवला. लगेच फोन. "वहिनी! मग आधी खोटं का बोललात? जान निघाली होती माझी!"

"मी खोटं बोलले नाही. मी काढलाच नव्हता."

"आप भी ना, वहिनी... अहो, आलाय ना फोटो!"

इथून माझी खरी लढाई सुरू झाली. मी फसवलं होतं हे मी सांगते आहे आणि कोणी मानायलाच तयार नाही! कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आमचे भिया – इंदूरला भैयाला भिया म्हणतात – म्हणाले, "दीदी, बटन दब गया होगा, आपको ध्यान नहीं रहा." बंद कॅमेऱ्याचं बटण? "तो चालू रह गया होगा." आणि भरलेल्या कार्डावर नऊ फोटो? "वो काउंटर अंदाज से बताता है." कबूल, मीच गिऱ्हाइकांना तेच सांगते. मग त्या संध्याकाळी ते नऊ कुठे होते? यावर भियांनी चष्मा पुसला. अर्चनाचं तर एकच, "तुम्ही काढलात आणि विसरलात." विसरायला मी दत्तूमामा नाही.

दुसऱ्या टोकाला समोरच्या काकू. त्या म्हणतात, ताईंची पुण्याई. मी विचारलं, पुण्याई होती तर भावाचा एकच फोटो यायला हवा होता ना? बाकीच्या आठांचं काय? त्यांतली एक बाई जांभई देते आहे, आणि एक गृहस्थ दातात अडकलेलं काढत आहेत. ही कसली पुण्याई? त्या आठांपैकी आजवर एकानेही फोटो मागितलेला नाही.

नंतर तेच कार्ड मी दुसऱ्या एका कामात पूर्ण भरलं, कॅमेरा बंद करून भिंतीसमोर पंधरा-वीसदा फ्लॅश मारले, आठवडाभर डबीत ठेवलं. काही नाही. कार्ड जेवढं सांगतं तेवढंच घेतं. एकाने सल्ला दिला की ते कार्ड लाल कपड्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवा. मी पुढच्या मुंजीला वापरलं.

दत्तूमामांचा मुलगा फोटो मोठा करून घेऊन गेला. तो सांगतो, मामा अजून रोज सकाळी चिडतात. मग भिंतीवरचा फोटो दाखवला की जवळ जाऊन बघतात, टोपी ओळखतात, कान चोळतात आणि बहिणीला फोन लावायला सांगतात. "ताई, किती जोरात धरलास गं!" रोज. आणि सुमनताई रोज म्हणतात, "मग उशिरा का आलास?" त्यानंतर ते जेवतात.

अल्बम तयार झाला तेव्हा शेवटचं भांडण आमच्या घरात झालं. आम्ही प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव छापतो. त्या नऊ फोटोंवर मी ते छापू दिलं नाही.

"अगं, कोपरा रिकामा दिसतोय," हे म्हणाले. "लोक विचारतील, हे कोणी काढले?"

"विचारू देत," मी म्हटलं. "मलाही तेच विचारायचंय."