बाहेरची कडी

दुपारची झोप ही मला मिळणारी एकमेव पेन्शन आहे, आणि ती मी बुडू देत नाही. जेवण झालेलं आहे. पंखा दोनवर आहे, कारण तीनवर ठेवला की तो बोलतो. स्वयंपाकघरात शैला रात्रीसाठी चवळीच्या शेंगा मोडतेय, त्यांचा टक टक आवाज येतोय. माझ्या लिहायच्या खोलीत आता लिहिणं होत नसल्यामुळे तिथे एक खाट टाकली आहे. त्या खाटेवर मी आहे. वारा यावा म्हणून पडवीकडचं दार सताड उघडं ठेवलंय. आधी माझे पाय निघून जातात, मग पाठ. शेंगांचा आवाज लांब सरकतो, त्याचा बुटांचा आवाज होतो, आणि बूट दारापाशी थांबतात.

"बाबा, झोपलात?"

"छे," मी म्हणतो. आयुष्यभर हे उत्तर मी झोपेतच दिलेलं आहे.

पराग आत येतो. पराग म्हणजे आमचा एकुलता एक मुलगा, मेजर पराग. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. अंगावर गणवेश आहे, पण बूट काढून हातात घेतलेत. घरात बूट घालून यायचं नाही हा शैलाचा कायदा, आणि लष्कराचे कायदे त्याच्यानंतर. तो खाटेच्या कडेला बसतो. खाट करकरत नाही. एरवी ती मी नुसता विचार बदलला तरी करकरते.

"जेवलास का?" मी विचारतो. अशा वेळी काय विचारायचं असतं हे कोणी शिकवलेलं नाही.

"झालं. आईनं काय केलं होतं?"

"दोडका."

"मग बरं झालं, मी नव्हतो."

मी हसतो. 

तो दाराकडे बघतोय. दाराला बाहेरून एक सरकती कडी आहे, तिच्याकडे. मला कळतं तो काय बघतोय ते. तुम्हाला कळायचं तर थोडं मागे जायला हवं.

पराग पाच वर्षांचा होता तेव्हा आमच्या गल्लीत चोरी झाली. शेजारच्यांचं घड्याळ आणि पेटी गेली, वाजवायची. त्यावरून परागनं असा निष्कर्ष काढला की पुढचा नंबर बाबांचा. आमच्या घरात उचलून नेण्याजोगी दुसरी वस्तू नव्हती, तेव्हा त्याचं काही चुकलं नव्हतं. शैला शाळेवर शिकवायला जायची, मी या खोलीत बसून सदर लिहायचो. हा अंगणात खेळायला निघाला की पडवीतलं स्टूल ओढायचा, त्यावर चढायचा आणि बाहेरून कडी घालायचा. मग दाराच्या फटीला तोंड लावून सांगायचा, "बाबा, मी बाहेरच आहे हं."

एकदा मी आत नागरिकांच्या स्वातंत्र्यावर लेख लिहीत होतो. लेख रंगात आला होता आणि मला बाथरूमला जायचं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी तह केला. मी म्हटलं, तुला काळजी वाटत असेल तर लाव बाबा कडी. पण मी आतून दोनदा ठोकलं की येऊन उघडायची. का, कशाला, कुठे चाललात, काही विचारायचं नाही. आणि ज्यानं लावली त्यानंच उघडायची, दुसऱ्याला पाठवायचं नाही. त्यानं मान हलवली आणि ते पाळलं. बॅटिंग सोडून यायचा. पोरं ओरडायची, आउट देऊ म्हणायची, तरी यायचा. मी आयुष्यात पुष्कळ सरकारं बघितली, त्यांच्यावर लिहून पोट भरलं. राखायचं कसं आणि सोडायचं कधी हे दोन्ही कळणारं सरकार मला तेवढं एकच भेटलं, आणि त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती.

"कडीला रंग लागलाय," पराग म्हणतो.

"रंगाऱ्यानं दाराबरोबर तीही रंगवली. हिरवीगार. आता जागची हलत नाही."

"लावत नाही कोणी?"

"मला कोण नेतंय आता?"

तो बूट मांडीवर घेऊन बसलाय. विचारायचं ते मी विचारून टाकतो.

"पराग, कुठे होतं रे ते?"

आम्हाला एवढंच सांगितलं होतं, उत्तर सीमेवरची एक पुढची चौकी. शवपेटी आली ती बंद होती आणि बंदच ठेवा असं सांगितलं होतं. घरी आलेले अधिकारी फार सभ्य होते. चहा घेतला, शैलाच्या पाया पडले. जागेचं नाव विचारल्यावर खाली बघत म्हणाले, सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही. पुढे मी आणखी दोन-तीन दारं वाजवली. सगळीकडे माणसं तितकीच सभ्य. तेव्हापासून शैला रोज संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीत दिवा ठेवते आणि तिकडे तोंड करून बसते. एकदा मला म्हणाली, "उत्तर फार मोठी आहे हो. नाव कळलं असतं तर नीट बघत बसले असते."

एवढंच हवंय. एक नाव.

पराग उठतो, आणि आम्ही साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर उभे आहोत. लाल गाडी लागलेली आहे. पाटीवर 'सातारा' लिहिलंय, पुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपलीकडे काही नाही. कंडक्टर मला ओळखतो.

"वाचायचो तुमचं," तो म्हणतो.

वाचायचो. ठीक आहे.

"कुठलं देऊ?"

"हा होता तिथलं."

"देतो. नाव नाही यायचं तिकिटावर."

"मग उतरायचं कुठे ते कसं कळणार?"

"मी म्हणेन ना, उतरा. कुठं उतरलात ते नाही सांगणार."

इतका स्वच्छ विनोद मला उभ्या हयातीत जमला नाही, आणि हा माणूस तिकिटं फाडतोय.

पराग मला खिडकीची जागा देतो. लहानपणी ती त्याची असायची आणि त्यावरून रडारड व्हायची. बाहेर ऊस आहे. उसावर बर्फ पडतंय. गाडीत आम्ही दोघंच, तरी कंडक्टर मधूनमधून "पुढे सरका" म्हणतो.

"तुमचं सदर मी पलटणीतल्या पोरांना वाचून दाखवायचो तिकडे," पराग सांगतो. "हिंदी करून. निम्मे विनोद मरायचे."

"निम्मेच? मग हिंदी चांगली झाली होती तुझी."

"एकानं विचारलं, साहेब, सरकारला इतकं बोलतात, तुमच्या वडिलांना पकडत नाहीत? म्हटलं, गरज पडत नाही. आम्ही घरीच कडी घालून ठेवतो."

तो हसतो. हे हसू मी विसरलो होतो. फोटोंमध्ये तो गंभीर आहे, कारण गणवेशातले फोटो गंभीरच काढतात.

"पराग, मी काही नकाशा मागत नाही. बंदुका किती, माणसं किती, मला नको. लोक मला म्हणतात, तुम्ही देशाला मुलगा दिलात. आम्ही कुठे दिला होता रे? तू गेला होतास. तुझी आई स्टँडवर रडत होती आणि मी विनोद करत होतो. तेव्हा निदान कुठे गेला होतास, तेवढं..."

"उतरा," कंडक्टर म्हणतो.

आम्ही माझ्या लिहायच्या खोलीतच उतरतो. पुस्तकांच्या कपाटापर्यंत बर्फ साचलंय. माझ्या एका खाटेच्या जागी पुष्कळ खाटा आहेत आणि त्यांवर पोरं झोपलीत. तोंडं उघडी. मिसरूड नुकतं फुटलेली. एकाचा पाय रजईबाहेर आलाय. पराग वाकून तो आत सरकवतो आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवतो.

"हळू बोला."

"सरकार कशासाठी असतं रे?" मी कुजबुजतो. हा प्रश्न मी जन्मभर मोठ्यानं विचारला. कुजबुजायची ही पहिलीच वेळ. "माणसाला मोकळेपणी जगता यावं म्हणूनच ना राखायचं सगळं? आणि आपला मुलगा कुठे पडला हे बापाला कळू द्यायचं नसेल, तर राखताय कोणासाठी?"

"बरोबर आहे तुमचं."

मी गांगरतो. मला समोरचा कबूल झाला की पुढचं वाक्य सुचत नाही.

"मग सांग नाव."

"नाही."

"का?"

"तुम्ही लिहाल."

"मी निवृत्त आहे."

"मग आईला सांगाल."

"फक्त आईला."

"आई शेजारच्या कुसुमताईंना सांगेल. शपथ घालून."

 कुसुमताईंना सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या आत गावभर होत राजवाड्यापर्यंत जाते.

"माझं झालं, बाबा," तो म्हणतो. "यांना अजून घरी जायचंय."

रजईतला पाय पुन्हा बाहेर येतो. पराग पुन्हा तो झाकतो. मी त्या पायाकडे बघत राहतो. मोजा अंगठ्याला फाटलेला आहे. कोणाच्या तरी घरी याचीही एक शैला असेल.

"मला कळतं," मी म्हणतो. "पण सगळीच नावं पोरांना झोपू द्यावं म्हणून झाकलेली नसतात. काही साहेब लोकांच्या चुका झोपाव्यात म्हणूनही झाकतात. तुझं यातलं कुठलं?"

तो हातातल्या बुटांकडे बघतो. नाड्या नीट बांधलेल्या आहेत.

"मला माहीत नाही."

"तुलाही?"

"आम्हालाही सगळं सांगत नाहीत, बाबा." मग म्हणतो, "म्हणून तुम्ही विचारायचं सोडू नका. मी सांगणार नाही. तुम्ही ठोकत राहा."

"आणि उघडणार कोण?"

तो माझ्या खांद्यांना धरून मला खाली निजवतो. पोरांच्या रांगेत एक खाट रिकामी आहे, ती माझी. तो रजई माझ्या गळ्यापर्यंत ओढतो, अगदी मी त्याला ओढायचो तशी, कडा आत खोचून.

"आईला काय सांगू?"

"सांगा, खिडकी बरोबर आहे." आणि मग मिश्कीलपणे, माझ्यासारखा, "एवढं चालतं. उत्तर सगळ्यांना माहीत आहे."

तो पडवीत जातो. दार ओढून घेतो. स्टूल सरकवल्याचा आवाज येतो. याला आता स्टूल कशाला हवं, असं माझ्या मनात येतं, तेवढ्यात फटीतून आवाज येतो.

"बाबा, मी बाहेरच आहे हं."

पंखा बंद आहे. वीज गेली असावी. मान घामानं भिजलीय. शेंगांचा आवाज थांबलाय आणि खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून पिवळं झालंय. मी उठतो, चष्मा शोधतो. वाऱ्यासाठी सताड उघडं ठेवलेलं दार बंद आहे. मी ओढतो. ते हलत नाही. पुन्हा ओढतो. बाहेरून कडी आहे.

नागरिकांना कोंडून ठेवण्याविरुद्ध मी जितकं लिहिलंय तितकं या जिल्ह्यात तरी कोणी लिहिलं नसेल. आता मी दारापाशी उभा आहे आणि ओरडत नाही. शैलाला हाक मारत नाही. दोनदा ठोकतो, आणि वाट बघतो. अंगण पार करायला त्याला थोडा वेळ लागायचा. मी तेवढा वेळ देतो. मग आणखी थोडा देतो.

शेवटी सपाता वाजतात. त्या ओळखीच्या आहेत. बाहेर खटपट होते, कडी कुरकुरते, आणि दार उघडतं.

"कोणी लावली ही?" शैला म्हणते. "मी नाही लावली. रंगानं गच्च बसली होती, हात दुखला माझा." तिच्या बोटांना हिरवं लागलंय. उंबऱ्यावर रंगाचे हिरवे पोपडे पडलेत. "आणि तुम्ही आत गप्प काय बसलात? हाक तरी मारायची."

"म्हटलं, ज्यानं लावली तो येईल उघडायला."

ती माझ्याकडे बघते. मग कडीकडे. मग खाली बसते आणि पोपडे एकेक वेचून पदराच्या टोकात गोळा करू लागते. एकही सोडत नाही. वेचताना मान वर न करता विचारते, "नाव सांगितलं?"

"नाही."

"नाहीच सांगायचा तो."

"खिडकी बरोबर आहे म्हणाला."

तिचे हात थांबतात. ती पदराला गाठ मारते, उठते आणि दिव्यात तेल घालायला आत जाते. उत्तरेच्या खिडकीशी काडी ओढल्याचा आवाज येतो.

मी उंबऱ्यात उभा आहे. दार उघडं आहे, समोर पडवी मोकळी आहे, मला कोणी अडवलेलं नाही. तरी मी उघड्या दारावर दोनदा ठोकतो.